बोलता येईल एवढंच पळायचं

पहिल्यांदा तो दिसला तेव्हा तो साबुदाणा, भगर, शेंगदाणे असं मोठमोठ्यानं म्हणत चालला होता. कुणाला सांगत होता? कुणालाच नाही. त्याच्या आसपास चिटपाखरू नव्हतं.

जानेवारीतली सकाळ, अहमदपूरच्या कॉलेजचं मैदान, तोंडातून वाफा निघताहेत… आणि हा उंचेला पोरगा मफलर गुंडाळून आतल्या पट्ट्यातून रमतगमत चाललेला. आम्ही भरतीच्या पोरी. पोलीस भरतीत पोरींना आठशे मीटर पळावं लागतं, आणि आतला पट्टा म्हणजे आमचा जीव. मी मागून ओरडले, “ओ भाऊ, सरका!” त्यानं वळून बघितलं, “जाडे पोहे, पातळ पोहे,” एवढं म्हटलं आणि होता तिथंच चालत राहिला. मला वळसा घालावा लागला. तिकडं आमचे मास्तर भागवत सर, फौजेतून निवृत्त झालेले, त्यांनी घड्याळ बघून कपाळावर हात मारला.

फेरी संपवून मी थेट भांडायला गेले. भांडणात मी कुणाला हार जात नाही.

“कामून ओ, मैदान म्हणजे काय तुमच्या दुकानाचं गोडाऊन हाय का?”

“दुकान हाय खरं. गोडाऊन लहान हाय,” तो शांतपणे म्हणाला. “आणि एक सांगू? मला भाऊ नका म्हणू. सकाळी सकाळी नातं जोडायची एवढी घाई कशाला…”

राग राहिला बाजूला आणि मला हसू फुटलं. त्याचं नाव संगमेश्वर. बसस्थानकासमोर त्याच्या वडिलांचं किराणा दुकान. डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितलं होतं, पण अट घातली होती: बोलता येईल एवढ्याच वेगानं चालायचं. बोलताना दम तुटायला लागला की समजायचं, जास्त झालं. आता एकट्या माणसानं चालताना काय बोलावं? म्हणून हा दुकानातला माल म्हणत चालायचा. मी म्हटलं, त्यापेक्षा गाणं म्हणा की. तर म्हणे, गाणं म्हणता आलं तर चाल फारच हळू आहे असंही डॉक्टरच सांगतात.

“कशाचे डॉक्टर?” मी विचारलं.

त्यानं छातीवर, शर्टाआडच्या इष्टलिंगाच्या जरा बाजूला, बोट ठेवलं. “झडप,” तो म्हणाला.

लहानपणी त्याला मोठा ताप आला होता, सगळे सांधे सुजले होते. ताप गेला, पण जाताना काळजाची एक झडप बिघडवून गेला. ती नीट मिटत नाही, थोडं रक्त मागं गळतं. दुकानाचं शटर पूर्ण खाली येईना झालं तर काय होतं, तसं, असं त्यानंच सांगितलं. मीही मान डोलावली. भीती हा प्रकार तोवर मला ठाऊक नव्हता. विहिरीत मुटका मारायचा असो की बिथरलेला बैल धरायचा असो, घरात आधी हाक मलाच पडायची. पण त्या दिवशी दुसरी फेरी पळताना मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या छातीतले ठोके ऐकले, आणि का कोण जाणे, माझा वेग आपोआप उतरला.

मग रोजचंच झालं. माझं पळणं आटोपलं की अंग निवेपर्यंत मी त्याच्याबरोबर चालायची. त्याला बोलायला माणूस हवं होतं आणि मला ऐकायला आवडायला लागलं होतं… भागवत सर म्हणायचे, मंजुश्री, पायांना काम सांग, जिभेला नको. मी म्हणायची, सर, तिकडं डॉक्टरांनीच जिभेला काम सांगितलंय.

तो गिऱ्हाइकांच्या नकला करायचा. गूळ अर्धा खाऊन परत आणणारी म्हातारी, पोत्यात हात घालून तांदूळ चघळत गप्पा मारणारे पाटील. हसवता हसवता त्याचे नेमही मला कळत गेले. निघताना आधी हळू, मग जरा पायउचल. आणि थांबताना एकदम थांबायचं नाही, चाल उतरवत आणायची. हलकं पळणं चालेल, शर्यत नाही. श्वास कोंडून जड उचलायचं नाही. दुकानात पोती वडील उचलायचे आणि येणारेजाणारे म्हणायचे, राजा बसलाय गल्ल्यावर. हे सांगताना तो हसायचा, पण ते हसू मला आवडायचं नाही. भोवळ आली, छाती आवळली, ठोके वेडेवाकडे पडले की आहे तिथं सगळं बंद. दर काही आठवड्यांनी कमरेत इंजेक्शन, वर्षातून एकदा लातूरला जाऊन काळजाची सोनोग्राफी. एवढं पाळलं तर पुष्कळ जगशील, असं डॉक्टर म्हणाले होते.

एकदा धुकं होतं. मैदानामागच्या चढावर तो काहीतरी सांगत होता आणि मध्येच गप्प झाला. मी दोन पावलं पुढं गेले, आवाज आला नाही म्हणून वळले. तो उभाच होता… नुसता उभा. मी धावत जाऊन त्याचं मनगट धरलं.

“काय होतंय? बसा. बसा खाली.”

“काही न्हाई होत,” तो म्हणाला. “शब्द सापडेना झाला.”

“कुठला?”

“तुमच्या डोळ्यांना काय म्हणावं… तो.”

मी त्याच्या दंडावर असा फटका मारला की भागवत सरांनी लांबून बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, रागानं की कशानं ते कळत नव्हतं. “परत असं गप्प व्हायचं न्हाई,” मी म्हटलं. “जीव गेला असता माझा. तू… तुला काय वाटतं, चेष्टा हाय का ही?”

“‘तू’ म्हणालीस मला,” तो म्हणाला.

“म्हणाले. मग?”

“काही न्हाई. बरं वाटलं.” मग तो खरंच गंभीर झाला. त्या दिवसापासून त्याला गप्प बसायचं असलं की तो आधी हात वर करायचा, शाळेतल्या पोरासारखा. म्हणजे मला कळावं, याला काही झालेलं नाही, हा नुसता विचार करतोय. तो हात वर झाला की मला हसू यायचं, पण खाली येईपर्यंत मी त्याच्या चेहऱ्यावरची नजर काढायची नाही.

फेब्रुवारीत अवकाळी आला. तुरीच्या राशी झाकायला धान्याच्या मोंढ्यात पळापळ, आणि मैदानावर आम्ही दोघं पत्र्याच्या शेडखाली अडकलेले. वर गारा तडतडत होत्या. मातीचा वास, त्याच्या ओल्या स्वेटरचा वास… डॉक्टरांनी एकदा त्याच्याच कानाला नळी लावून त्याला त्याचं काळीज ऐकवलं होतं म्हणे. ठोक्यानंतर फुस्स असा आवाज येतो, सायकलच्या ट्यूबमधनं येतो तसा.

“मला ऐकू येईल?” मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं पाठ केली. मी कान टेकवला. गारांच्या आवाजापुढं काही म्हणता काही ऐकू आलं नाही. तरी गारा थांबेपर्यंत मी कान काढला नाही, आणि तोही हलला नाही.

नंतर गप्पांच्या भरात मी त्याला अप्पांची गोष्ट सांगितली. माझे अप्पा, बसलिंगप्पा, मोंढ्यात भुसाराचा व्यापार करतात, आवाज असा की लिलाव त्यांनीच पुकारावा. पोरगी भरतीची तयारी करते म्हटल्यावर त्यांची मान ताठ झाली होती. भेटेल त्याला सांगायचे, आमची मंजू फौजदार होणार आणि जावई खाकीतलाच येणार, दुकानदाराचं स्थळ तर दारातच उभं करणार नाही. स्वतः दुकानदार असून! मी ते नक्कल करून सांगितलं. तो हसला. मग त्यानं हात वर केला आणि घरी जाईपर्यंत खाली घेतलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळचा यायचा बंद झाला.

आधी वाटलं इंजेक्शनचा दिवस असेल, मग वाटलं रुसला असेल. फोन उचलायचा, मोघम बोलायचा, ठेवायचा. आठवड्यानं मी साखर घ्यायचं निमित्त करून दुकानात गेले. गल्ल्यावर त्याची आई होती, कमलम्मा. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

“तू मैदानावरची मंजू ना गं? ये ये. तोंड गोड कर आधी.” त्यांनी बरणीतून खडीसाखर काढून माझ्या तळहातावर ठेवली. “आमचा संगू भरतीला उतरलाय. लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं म्हणे, झडप आता लई बरी हाय, खुशाल पळ. इतकी वर्षं लेकराला काचेच्या भांड्यासारखं जपलं बाई… आता रोज संध्याकाळी पळायला जातो. देवानं ऐकलं.”

त्या माझ्याकडं बघत होत्या म्हणून ती खडीसाखर मला तोंडात टाकावी लागली. झडप अशी बरी होत नाही हे मला त्यानंच सांगितलं होतं. तोंडात गोड विरघळत होतं. कमलम्मांच्या त्या हसऱ्या तोंडासमोर मला ते खोडता आलं नाही, साखर न घेताच मी निघाले.

संध्याकाळी मी शिरूरच्या रस्त्याला त्याला गाठलं. उतरत्या उन्हात तो लांबून येताना दिसला. रमतगमत चालणारा माझा संगमेश्वर नव्हता तो. मान मागं पडलेली, तोंड उघडं, चेहऱ्याचा रंग राखेसारखा. मला बघून तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. पहिलं वाक्य बोलायला त्याला बराच वेळ लागला. तो सगळा वेळ मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होते आणि हाताखाली ते काळीज कसं धावत होतं ते मला कळत होतं. त्या दिवशी कान लावायची गरज नव्हती.

“मेडिकल सगळ्यात शेवटी असतं,” तो अखेर म्हणाला. “आधी मैदान असतं. आपल्याकडं पोरगा मैदानात पास झाला की पोरींचे बाप गाडी करून दारात येतात. निकालाची वाट कोण बघतंय? एकदा कुंकू लागलं की लागलं. पुढं मेडिकलला काढलं तर तो माझ्या नशिबाचा भाग. झालेली सोयरीक तुझे अप्पा मोडणार न्हाईत.”

हे खरं होतं, म्हणून तर जास्त वाईट होतं. मागच्याच भरतीत आमच्या गल्लीतल्या एकाचा साखरपुडा गोळाफेकीच्या गुणांवर झाला होता.

“आणि मैदानावरच पडलास तर?”

“रोज पळून राहिलो ना. पडलो का?”

“संगू, माझ्यासाठी मर असं मी तुला कधी म्हणाले?”

“मरायला न्हाई गं… तुझ्यासाठी जरा पळायला.” त्यानं हसायचा प्रयत्न केला. मी हसत नाही हे बघून तोही थांबला. “नांदेडला नाव दिलंय, सोमवारी हाय. ऐक मंजू. तू घरी सांगितलंस तर माझी आई मला बाहेर सोडणार न्हाई. मग जिंदगीभर मी गल्ल्यावरचा आजारी पोरगा. सगळ्यांच्या नजरेत तेच दिसतं मला, एक तुझ्या नजरेत न्हाई. तू पण तशीच बघायला लागलीस तर आपलं संपलं. मी परत तोंड दाखवणार न्हाई तुला.”

तो बोलतो ते करतो हे मला ठाऊक होतं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. गल्लीत ॲम्बुलन्सचा भोंगा वाजला की मी दारात. पळताना माझे ठोके वाढले की मला त्याचे वाटायचे आणि मी थांबायची. भागवत सर ओरडून ओरडून थकले. सांगावं तर तो जातो, न सांगावं तरी जातो. पहिल्या जाण्यात तो कुठंतरी जिवंत असेल, एवढाच फरक. हा फरक कळायला मला रविवारची संध्याकाळ व्हावी लागली, आणि तोवर तो नांदेडला पोचलाही होता. फोन बंद.

सोमवारी पहाटे अप्पा लिंगपूजेला बसले होते. पूजेत त्यांना कुणी हाक मारत नाही, घराला आग लागली तरी. मी जाऊन समोर बसले.

“अप्पा, मला एक पोरगा आवडतो. बसस्थानकासमोरचा किराणावाला हाय. त्याच्या काळजाची झडप गळकी हाय. आणि तुमचा जावई व्हायला तो आज नांदेडात सोळाशे मीटर पळणार हाय.”

अप्पांच्या हातातली विभूती तशीच राहिली. त्यांनी आधी विचारलं, कुणाचा पोरगा. मग विचारलं, मला कधी सांगणार होतीस. मग सगळं डोक्यात उतरलं आणि त्यांचा चेहराच बदलला. “म्हणजे माझ्या बोलण्यापायी ते लेकरू…” एवढंच म्हणाले आणि पूजा आटोपून मोंढ्याची पिकअप काढायला गेले.

लोहा गावापर्यंत ते मला शिव्या घालत होते. कशाला पळायला पाठवलं, कुठून बुद्धी झाली, घराण्याची इज्जत, सगळं झालं. लोहा मागं पडलं तसे ते गप्प झाले आणि गाडीचा वेग वाढला. अप्पांनी कधी ट्रक ओलांडलेला मी पाहिला नव्हता. मी मांडीवर मोबाइल धरून पुन्हा पुन्हा त्याचा नंबर लावत होते. तेच, तेच उत्तर. मी देवाला काही मागितलं नाही, कारण मागायला वाक्यच जुळत नव्हतं.

नांदेडच्या मैदानाभोवती लोखंडी जाळी होती आणि जाळीला बाप लोक चिकटलेले, कुणाच्या हातात केळी, कुणाच्या पाण्याची बाटली. फाटकावर एक पोलीस बाई होत्या. माझ्या तोंडून सगळं उलटसुलट बाहेर आलं. त्यांनी मला खोटं पाडलं नाही. नाव विचारलं, गाव विचारलं, वायरलेसवर बोलत बोलत आत गेल्या. तेवढ्यात आत शिट्टी वाजली.

घोळक्यात तो मला लगेच दिसला. सगळ्यांत उंच. पहिल्या फेरीत तो मध्ये होता, बरा पळत होता, आणि एक क्षण मला वाटलं, आपणच वेडे, निघून जाईल हा… दुसऱ्या फेरीत तो मागं पडला. वळणावर जाळीच्या जवळ आला तेव्हा त्याचे ओठ निळसर दिसत होते. मी चपला टाकल्या आणि जाळीच्या बाहेरून त्याच्या बरोबरीनं पळायला लागले. बापांची गर्दी, बाटल्या, दुचाक्या, मधे काय काय आलं ते आठवत नाही.

“संगू! इकडं बघ. बोल माझ्याशी.”

त्यानं बघितलं. आधी ओळख पटली नाही, मग पटली, आणि त्याच्या डोळ्यांत राग आला.

“एक शब्द बोल. कुठला बी. मग पळ, मी अडवणार न्हाई.”

त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, मान हलवली, घशाची शीर ताठ झाली, तरी नाही. मी पळत होते आणि वाट बघत होते. त्याच्या डोळ्यांतला राग गेला आणि तिथं मला ती भीती दिसली जी इतके दिवस एकटी मी वागवत होते. त्याच्या छातीत काय चाललंय ते त्याला स्वतःला त्या क्षणी कळलं.

मग त्यानं पाय उतरवत आणले. एकदम थांबला नाही. पळण्याचं चालणं झालं, चालण्याचं खुरडणं झालं, आणि पट्टा सोडून तो गवतावर बसला. मागून आलेली पोरं त्याच्या बाजूनं निघून गेली. पोलीस बाई आणि डॉक्टर तिकडून धावत येत होते. जाळीत बोटं अडकवून मी उभी होते आणि तो वाकून, हात जमिनीला लावून, श्वास ओढत होता. तो बसलेला होता, आडवा नव्हता, एवढंच मी स्वतःला सांगत होते.

दवाखान्यात त्याच्या छातीला पट्ट्या लावल्या, सोनोग्राफी केली, दुपारपर्यंत नजरेखाली ठेवलं. अप्पांनी त्याच्या घरी फोन केला. फोनवर कमलम्मा काय बोलल्या ते त्यांनी मला सांगितलं नाही. मग डॉक्टरीण बाईंनी आम्हाला आत बोलावलं. गळती आधीपेक्षा थोडी वाढली होती आणि आज ठोके भलतेच चुकले होते. पुन्हा असं पळाला तर त्या कसलीच हमी देणार नव्हत्या. चालणं मात्र सोडायचं नाही म्हणाल्या, घाबरून घरात बसवाल तेही चूकच. पुढंमागं झडपेचं ऑपरेशन लागेल, लागलं तर करता येतं.

अप्पांनी खाकरून सरळच विचारलं, “बाई, तुम्ही शिकलेल्या. याला पोरगी द्यावी का न्हाई?”

“काका, ते सोनोग्राफीत दिसत नाही,” त्या म्हणाल्या.

बाहेर तीन खुर्च्या होत्या. एका टोकाला तो बसला, एका टोकाला मी, आणि मध्ये अप्पा, भिंतीसारखे. तो माझ्याकडं बघत नव्हता. त्याचा रंग परत आला होता, आवाजही आला होता, पण बारीक.

“तूच सांगितलंस,” तो समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाला. “मी काय म्हणालो होतो ते ठाऊक होतं तुला.”

“हाव. ठाऊक होतं.”

“तरी सांगितलंस.”

“तरी सांगितलं. तू कुठंतरी जिवंत राहून माझ्यावर रागावलेला असशील, ते परवडलं मला.”

तो भिंतीकडंच बघत राहिला. हातही वर केला नाही. मला वाटलं, गेला. खरंच गेला. जीव वाचला आणि माणूस गेला, आणि हा सौदा मीच केला होता. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

अप्पांनी इतका वेळ गुडघ्यांवर हात ठेवले होते. ते माझ्याकडं वळले. आवाज त्यांनी खाली आणला होता, त्यांच्या मानानं.

“मंजू, नीट ऐक. आज काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं. मलाच दरदरून घाम फुटला, तर तुझं काय? उद्या ऑपरेशन, परवा काही आणिक. जिंदगीभर भीत राहशील गं.”

“भीन अप्पा,” मी म्हटलं. “रोज भीन. पण लांब राहून भ्यायचं काय असतं ते मी या महिन्यात बघितलं. ते मला जमणार न्हाई. भ्यायचंच हाय तर याच्या शेजारी बसून भीन.”

मग मला रडू आलं. भांडणात हार न जाणारी मी, परक्या गावच्या दवाखान्यात, अप्पांच्या समोर, हुंदके देऊन रडले. पलीकडच्या बाकावरच्या दोन बायका आमच्याकडं बघायला लागल्या.

अप्पांनी दोनदा घसा खाकरला. त्यांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, तुरीचं पोतं बघतात तसं. “दुकान तुमचं स्वतःचं हाय ना रे?” असं काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता उठले. चहा सांगून येतो म्हणाले. चहाची टपरी दारातच होती, तरी ते बराच वेळ आले नाहीत.

मधली खुर्ची रिकामी राहिली. तो तिच्याकडं बघत होता, मीही तिच्याकडंच बघत होते.

“मंजू,” तो म्हणाला. “सकाळी मैदानावर… तू शब्द मागत होतीस ना. मी तुझंच नाव घेऊन राहिलो होतो. निघतच नव्हतं तोंडातनं. लई भ्यालो मी. वाटलं, हे सांगायचंच राहिलं.”

“काय सांगायचं?”

“की तू मला आवडतीस. पळायच्या आधी सांगायला पाहिजे होतं. उलटं केलं सगळं.”

मी ओढणीनं तोंड पुसलं. जागची हलले नाही. ज्यानं संपलं म्हटलं होतं, त्यानंच यावं असं मला वाटत होतं, आणि नाही आला तर मी काय करणार होते ते मला माहीत नव्हतं.

त्यानं खुर्चीच्या दांडीवर हात टेकवला, उठला आणि मधल्या खुर्चीकडं सरकला.

“सावकाश,” मी म्हटलं.